मुलगा म्हणतो, बाईक नको, कारने फिरवतो

प्रश्न : वाचक नागपूरचे, वय ५४. औषध कंपनीत एमआर (वैद्यकीय प्रतिनिधी) म्हणून उभी नोकरी केली, आता मुदतीआधी निवृत्ती घेतली आहे. नोकरी सगळी दुचाकीवर झाली : भंडारा, गोंदिया, वर्धा, यवतमाळ. आधी स्प्लेंडर, गेली चार वर्षं क्लासिक ३५०. मुलगा कॅनडात हॅलिफॅक्सला असतो. ऑगस्टअखेरीस पती-पत्नी दोन महिन्यांसाठी त्याच्याकडे जाणार आहेत. त्याच प्रांतातल्या केप ब्रेटन बेटावरचा कॅबट ट्रेल हा समुद्राकाठचा डोंगरी रस्ता भाड्याच्या बाईकवर एकट्याने पुरा करायचा, असं वाचकांनी ठरवलं आहे. मुलगा म्हणतो, "बाबा, काहून हट्ट करून राहिले? शनिवार-रविवारी मी कारने फिरवतो ना." वाचक लिहितात, "ज्याला टाकीवर बसवून शाळेत सोडलं, तोच मला म्हातारा समजायला लागला. मिसेसचं काही म्हणणं नाही. ताई, मुलाला कसं पटवू? नाहीच पटलं तर त्याला न सांगता बाईक बुक करून निघावं असंही मनात येतं. दिवसाला तीनशे किलोमीटर मला नवीन नाही."

उत्तर :

भाऊ,

तुमचं शेवटचं वाक्य आधी घेते. कॅबट ट्रेलची फेरी २९८ किलोमीटरची आहे. आकडा पाहून तुम्हाला नागपूर-गोंदिया जाऊन-येऊन आठवलं असणार, आणि तो हिशेब चुकीचाही नाही. पण त्या रस्त्याच्या सुरुवातीला पोचायचं तर हॅलिफॅक्सहून बॅडेक गावापर्यंत साधारण साडेतीनशे किलोमीटर आधी कापावे लागतात. मग फेरी, मग तेवढेच परत. म्हणजे काम हजार किलोमीटरचं आहे. शिवाय गोंदियाला तुम्ही कामासाठी जात होता, डॉक्टरांची वेळ गाठायची म्हणून गाडी हाणत होता. इथे कुठलाही डॉक्टर वाट पाहत नाही. समुद्र बघायला एवढ्या लांब जायचं आणि स्पीडोमीटर बघत परत यायचं, हे मला तरी पटत नाही. फेरीला तीन दिवस द्या, जाण्यायेण्याचे दोन धरून पाच. पावसासाठी सहावा हाताशी ठेवा.

आता मुलाबद्दल. तो तुम्हाला म्हातारा समजतो, हे तुम्ही त्याच्या एका वाक्यावरून काढलंत. वाक्य मी पुन्हा वाचलं, त्यात वय कुठे दिसलं नाही. त्याच्या जागी बसून बघा. त्या देशात पाहुण्यांना सरकारी आरोग्यविमा नाही. पाय मोडला तर बिल तुमच्या विमा कंपनीकडे जाईल आणि तिने हात वर केले तर त्याच्याकडे. बाईकचं डिपॉझिट क्रेडिट कार्डावर अडकतं, आणि ते कार्ड बहुधा त्याचंच असेल. रात्री साडेअकराला फोन वाजला तर ऑफिस टाकून चार तास गाडी चालवत त्यालाच यायचं आहे. त्याला हे सगळं दिसत असेल आणि बापाला तोंडावर "पैशाचं काय करायचं?" असं विचारवत नसेल, म्हणून तो "हट्ट" म्हणून मोकळा झाला. असंच असेल असं मी म्हणत नाही, पण तुम्ही त्याला विचारलेलं नाही हे पत्रावरून दिसतं.

न सांगता निघण्याचा विचार मात्र सोडून द्या, आणि याचं कारण संस्कार-बिंस्कार नाही. भाड्याच्या कागदावर आपत्कालीन संपर्क म्हणून नाव कोणाचं लिहिणार? मुलाचंच ना? मग ते अपघातानंतर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. ट्रेलचा जवळजवळ तिसरा हिस्सा केप ब्रेटन हायलंड्स राष्ट्रीय उद्यानातून जातो आणि आत बऱ्याच टप्प्यांत मोबाइलला रेंज नसते. तुम्ही आज कुठे असायला हवे होता, हे बाहेर कोणाला तरी माहीत असलंच पाहिजे. एकट्याने जाणं आणि कोणाला न सांगता जाणं यात तुम्ही गल्लत करताय. पहिलं तुम्हाला हवंय, ते मिळावं असंच मलाही वाटतं. दुसरं रागातून आलंय.

पण तुमच्या मुलाचं सगळंच बरोबर, असंही नाही. तीस वर्षं विदर्भाच्या रस्त्यांवर दुचाकी चालवलेला माणूस समोरच्या ट्रकचा ड्रायव्हर काय करणार हे त्याच्या चाकांवरून ओळखतो. धंतोलीतली एक ओपीडी आटपून दुपारी दोनला डोक्याला शेला गुंडाळून, खिशात कांदा टाकून वर्ध्याला निघणाऱ्याला सहनशक्ती कोणी शिकवायला नको. ही कमाई खरी आहे. मुलाने तुम्हाला ऑफिसच्या खुर्चीतून उठून पहिल्यांदा बाईकवर बसणाऱ्यांच्या रांगेत उभं केलं असेल, तर त्याला तसं सांगा.

फक्त या कमाईतलं काय तिथे चालतं आणि काय उलटं पडतं, ते तुम्ही वेगळं काढलेलं नाही. सगळ्यात आधी पाय. तुमची स्प्लेंडर सगळे गिअर पुढे दाबून पडणारी. क्लासिकला पहिला खाली आणि बाकीचे वर, पण तिथेही मागची टाच मारायची सोय आहे, आणि फॉर्मल बूट खराब होऊ नयेत म्हणून एमआर मंडळी टाचच मारतात. भाड्याच्या बहुतेक मोठ्या बाईकना ती मागची पट्टी नसते. पायाचं बोट पट्टीखाली घालून वर उचलावं लागतं. ताजेतवाने असाल तेव्हा हे अडणार नाही. सहा तास झालेत, चढावर वळण आलंय, थंडीने बोटं आखडलीत, अशा वेळी पाय जुन्या सवयीने खाली दाबतो आणि वरचा गिअर पडण्याऐवजी गाडी हिसका देऊन खालच्यात जाते. महिनाभर क्लासिकवर टाच वापरूच नका. लागलंच तर मेकॅनिककडून मागची पट्टी काढून घ्या.

दुसरं, रस्त्याची बाजू. तिथे वाहनं उजवीकडून चालतात. लोकांना वाटतं गर्दीत गोंधळ उडेल. गर्दीत उडत नाही, कारण पुढची गाडी रस्ता दाखवत असते. गोंधळ उडतो तो मोकळ्या रस्त्यावर. फोटो काढायला थांबता, दहा मिनिटं समुद्र बघता, किक मारून, म्हणजे बटण दाबून, निघता, आणि दोन्ही बाजूंना एकही वाहन नसतं. तीस वर्षांची सवय त्या क्षणी तुम्हाला गुपचूप डावीकडे घेऊन जाते, पुढच्या वळणावर समोरून काही येईपर्यंत कळतही नाही. टाकीवर, नजर पडेल अशा जागी, उजवीकडे दाखवणारा लाल बाण चिकटवा. पोरकट वाटलं तरी चिकटवा.

याच कारणासाठी फेरी कोणत्या दिशेने करायची याबद्दल माझं मत ठाम आहे. बिचकणाऱ्या कारचालकांना तिथे घड्याळाच्या काट्याप्रमाणे जायला सांगतात; त्यात आपण डोंगराच्या अंगाला राहतो, कड्याला नाही. तुम्ही उलटे जा. बॅडेकहून आधी पूर्वेचं इंगोनिश, मग उत्तरेला केप नॉर्थ, तिथून प्लेझंट बे, शेटिकँप आणि मार्गरीवरून परत बॅडेक. असं गेलात की समुद्र तुमच्या उजव्या हाताला राहतो आणि समुद्राकडचे थांबेही उजवीकडेच येतात. थांबायला आणि पुन्हा निघायला समोरची लेन ओलांडावी लागत नाही, आणि सवय नेमकी तिथेच घात करते. शिवाय केप स्मोकीचा तीव्र घाट असा गेलात तर चढायला मिळतो, उतरायला नाही.

घाट म्हटल्यावर तुम्हाला चिखलदरा आठवेल आणि आकडे बघून हसू येईल. ट्रेलवरचा सगळ्यात उंच भाग साडेचारशे मीटरच्या आसपास, चिखलदरा हजार मीटरच्या वर. पण तिथे चढ अगदी समुद्राच्या पाण्यापासून सुरू होतो आणि वर गेल्यावर पुन्हा पाण्यापाशी उतरतो. स्मोकी, नॉर्थ माउंटन, मॅकेन्झी, फ्रेंच असे एकामागून एक. खाली ऊन आणि वर धुकं, हे एकाच तासात होतं.

थंडी तुम्ही पत्रात धरलेलीच नाही, नागपूरकर धरत नाहीच. सप्टेंबरात तिथे दिवसा अठरा-वीस अंश, सकाळी दहा अंशांच्या आसपास. ऐकायला छान वाटतं, आपल्याकडची डिसेंबरची सकाळच. पण ऐंशीच्या वेगाने तासभर तो वारा अंगावर घेतला, त्यात पाऊस लागला, की आधी बोटं जातात आणि मग डोकं मंद होतं. दुसऱ्या मुद्द्यातली चूक नेमकी तेव्हा घडते. आत अंगाला चिकटणारे गरम कपडे, वर वारा अडवणारं जॅकेट, त्यावर रेनसूट, आणि ग्लोव्हजचे दोन जोड, कारण ओला जोड सकाळपर्यंत वाळत नाही. हे सगळं बर्डीच्या बाजारातून उचलू नका. रायडिंगचं सामान विकणाऱ्या दुकानात जाऊन अंगावर घालून, गाडीवर बसून बघा. उभं असताना बरोबर वाटणारी बाही हँडल धरल्यावर मनगट उघडं टाकते.

तिकडचं जनावर मूस, हरणाच्या कुळातलं. आपल्याकडे अंधारात रोही (नीलगाय) आडवी येते हे तुम्हाला सांगायला नको. मूस रोहीहून पुष्कळ मोठा, पाय उंच, अंग गडद, त्यामुळे हेडलाइटच्या उजेडात त्याचे नुसते पाय दिसतात आणि धड वर अंधारात राहतं. पहाटे आणि तिन्हीसांजेला ते रस्त्यावर येतात. सकाळी आठच्या आत निघायचं नाही, संध्याकाळी पाचला बाईक स्टँडवर. लवकर निघायची एमआरची खोड इथे बाजूला ठेवा.

वाऱ्याचंही जाता जाता सांगते. शेटिकँपच्या बाजूला डोंगरावरून समुद्राकडे आग्नेयेचा वारा सुटतो, त्याचे झोत ताशी २०० किलोमीटरच्याही वर गेलेले आहेत. त्याचे दिवस मुख्यतः शरद ऋतूपासून पुढे, म्हणून बेत सप्टेंबरच्या मध्यापर्यंत उरका. ऑक्टोबरची रंगीत झाडं मुलाच्या कारमधून बघा. सप्टेंबरात तिकडे अटलांटिकवरच्या वादळांची शेपटंही पोचतात. २०२२ मध्ये फिओना हे वादळ २४ सप्टेंबरला त्याच प्रांतात आदळलं होतं. निघण्याआधी आठवडाभर हवामान बघा आणि वादळाची बातमी असेल तर बुकिंगचे पैसे बुडू द्या.

तर मग जावं का? माझ्या मते जावं. आणि मुलाच्या कारचं आमंत्रण नाकारू नका, ते आधी घ्या. तुमच्याच धंद्यातलं उदाहरण देते : नवी टेरिटरी मिळाली की पहिली फेरी मॅनेजरबरोबर जॉइंट वर्किंगची असते. त्यात कोणाचा अपमान होत नाही. सप्टेंबरचा पहिला सोमवार तिकडे कामगार दिनाची सुट्टी असते, मुलाला सलग तीन दिवस मिळतील. तिघं कारने जा. तुम्ही शेजारच्या सीटवर वही घेऊन बसा : कुठे पेट्रोल, कुठे खडी सांडलेली, कोणत्या थांब्याची जमीन उतरती, कोणतं वळण शेवटी आवळतं. परतल्यावर हॅलिफॅक्समध्येच एक दिवस बाईक भाड्याने घेऊन मोकळ्या रस्त्यांवर उजवी बाजू आणि चार रस्त्यांवरचे स्टॉपचे फलक अंगवळणी पाडा. तिथे स्टॉप म्हणजे चाक पूर्ण थांबायला हवं, रस्ता रिकामा असला तरी. व्हरायटी चौकातली सरकत-सरकत पुढे जायची पद्धत तिथे दंडाची आहे. मग पुढच्या आठवड्यात, सुट्टी नसलेल्या दिवसांत, गर्दी ओसरल्यावर एकटे निघा. रोज मुक्कामी पोचलात की मुलाला एक मेसेज. दिवसातून एकदाच, पण न चुकता. नाही आला तर रात्री आठनंतर त्याने कोणाला फोन करायचा, तेही आधी लिहून द्या.

पत्नी आणि मुलगा बॅडेकला थांबले आणि तुम्ही मधले दोन मुक्काम एकट्याने केले, असाही एक पर्याय आहे. बॅडेक रिकामं बसायचं गाव नाही. टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलचं घर तिथे होतं, त्याच्यावरचं संग्रहालय आहे, आणि १९०९ साली गोठलेल्या पाण्यावरून सिल्व्हर डार्ट हे विमान तिथेच उडालं, कॅनडातलं इंजिनाचं पहिलं उड्डाण. पण या पर्यायात तुम्हाला पाठीशी कोणी घुटमळतंय असं वाटत राहणार असेल तर सोडून द्या. माझा कल जॉइंट वर्किंगकडेच आहे.

कागदपत्रांत कमी पडलात तर वरचं सगळं वाया, म्हणून आता त्यांच्याकडे वळू. आंतरराष्ट्रीय परवाना आपल्या आरटीओतून, इथूनच काढून न्यायचा असतो. पासपोर्ट लागतो आणि परवाना वर्षभर चालतो. तुमच्या मूळ लायसन्सवर गिअरच्या दुचाकीची नोंद आहे ना आणि त्याची मुदत परतीच्या तारखेपुढे आहे ना, हे आज संध्याकाळीच काढून बघा. बाईक देणाऱ्या दुकानाला नागपूरहूनच ईमेल करा आणि लेखी उत्तर घ्या : भारतीय लायसन्स आणि हा परवाना चालेल का, अपघात झाला तर विम्याआधी माझ्या खिशातून किती, आणि बाईकचं वजन व सीटची उंची किती. वजन मुद्दाम विचारायला सांगते आहे. क्लासिक दोनशे किलोच्या आतबाहेर आहे. तिथल्या टूरिंग बाईक साडेतीनशेच्या पुढे जातात. उतरत्या खडीवर अशी गाडी कलंडली तर एकट्याने उचलता येत नाही. तुम्हाला उचलता येईल तीच घ्या, एबीएस (चाक लॉक होऊ न देणारे ब्रेक) असलेली, दिसायला कितीही साधी असो.

प्रवासविम्याच्या पॉलिसीत "दुचाकी" शब्द शोधा. पुष्कळ पॉलिसी भाड्याची बाईक किंवा ठरावीक सीसीच्या वरची बाईक वगळतात, आणि ते बारीक अक्षरांत असतं. एजंटच्या "हो सर, सगळं कव्हर आहे" वर जाऊ नका, कलमाचा नंबर मागा. बीपी, शुगरच्या गोळ्या असतील तर तेही जाहीर करा. औषधांच्या धंद्यातल्या माणसाने गोळ्या लपवाव्यात आणि क्लेम बुडवून घ्यावा, याहून वाईट काय.

निघण्याआधी इथे दोन फेऱ्या करून बघा. एक छिंदवाडा-तामियावरून पचमढी, एकट्याने, मुक्काम करून. दुसरी जुलैच्या भर पावसात चिखलदरा, पूर्ण रेनसूट घालून, टाच न वापरता. दोन्ही वेळा मुलाला तोच संध्याकाळचा मेसेज. परतल्यावर त्याला वेगळं काही पटवावं लागेल असं मला वाटत नाही. आणि यातल्या एखाद्या फेरीत तुमचंच मन म्हणालं की पुरे, तर कारची फेरी आहेच. तोच समुद्र, तोच रस्ता.

ज्यांची मुलं परदेशी नाहीत पण बेटाभोवती फिरायचं मनात आहे, अशांचीही पत्रं येतात. त्यांना श्रीलंका जवळची. तिथे वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालतात, त्यामुळे अर्धी भीती इथेच कमी होते. मात्र नुसत्या आपल्या परवान्यावर भागत नाही, तिथली मान्यता वेगळी घ्यावी लागते. विम्याचं आणि मुक्कामाच्या मेसेजचं सांगितलं ते त्यांनाही लागू.

भाऊ, रविवारी मुलाला फोन कराल तेव्हा "मी जाणारच" ने सुरुवात करू नका. "तुला कशाकशाची भीती वाटते ते सांग, मी लिहून घेतो," एवढंच म्हणा आणि खरंच लिहून घ्या. मध्ये बोलू नका. हे तुम्हाला जड जाईल, पण डॉक्टरांसमोर जमत होतंच की. त्यातल्या ज्यांची उत्तरं वर आहेत ती द्या. ज्यांची नाहीत ती मला कळवा.

आणि "मिसेसचं काही म्हणणं नाही" हे वाक्य मला दोनदा वाचावं लागलं. म्हणणं नाही, की विचारलं नाही? फोन रविवारी आहे. वहिनींना शनिवारीच विचारून घ्या.